आकड्यावरून आकडा: ५६ पासून पुढे चला (गणपतीतल्या जागरणासाठी मदत हवी)

हर्णैची_वाट | चतुर्थी, रात्री ९.४०

मंडळी, गणपती बसले, आरत्या झाल्या, आणि बरोब्बर जेवणं उरकता उरकता लाईट गेली. घरात मुंबई-पुण्याहून आलेली मिळून अकरा पोरं. मोबाईलच्या बॅटऱ्या संपत आलेल्या, मग माझ्या आत्याने खेळ काढला. एकाने आकडा म्हणायचा, पुढच्याने त्या आकड्याची काहीतरी खरी गोष्ट सांगायची, मग त्याच्या पुढचा आकडा. नुसता आकडा चालेल किंवा कुठल्याही शतकातलं त्या आकड्याने संपणारं साल चालेल. म्हणजे ५३ ला धाकट्याने सांगितलं की १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. ५५ ला मी सांगितलं की १७५५ मध्ये आमच्या समोरचा सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. खिडकीतून बोट दाखवून सांगता आलं म्हणून पोरं एकदम गप्प झाली, अंधारात किल्ला दिसत नव्हता तरी सगळी तिकडेच बघत होती.

५६ ला सगळे अडकलो.

तर इथे पुढे नेऊया का? उद्या रात्री परत खेळायचंय. एकच विनंती, जे पक्कं माहीत आहे तेच टाका. पोरं हे ऐकून शाळेत जाऊन सांगणार आहेत. शक्यतो आपल्या किनाऱ्याचं असूदे, नसलं तरी चालेल.

सोलकढी | रात्री ९.५८

५६ वर अडकलात? अहो १८५६! २३ जुलै १८५६ ला लोकमान्य टिळकांचा जन्म, रत्नागिरीत. टिळक आळीतलं ते घर अजून आहे, आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो. मूळ गाव मात्र दापोली तालुक्यातलं चिखलगाव, म्हणजे तुमच्याच बाजूचं.

कातळावरचा | रात्री १०.०५

५६ ला अजून एक देतो कारण ते हर्णैच्या ५५ ला जोडून येतं. सुवर्णदुर्ग पडला १७५५ ला आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, पेशव्यांची फौज जमिनीवरून, आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. आमचं आजोळ वाघोटन खाडीच्या काठी आहे, लहानपणी हे ऐकलं की मला शत्रूचा राग यायच्या आधी त्या गलबतांचं वाईट वाटायचं. इतकी वर्षं ज्या आरमाराला इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळे वचकून होते ते आपल्याच माणसांच्या मदतीने संपलं. पोरांना सांगाल तर हेही सांगा, नुसतं साल नको.

जुना_मास्तर | रात्री १०.२२

५७ मी घेतो. १ एप्रिल १९५७. त्या दिवशी नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. त्यानंतर रुपयाचे शंभर नवे पैसे. मी तेव्हा दुसरीत होतो आणि वडिलांचं गावात किराणाचं छोटं दुकान. गल्ल्याच्या वर एक छापील तक्ता खिळ्याने ठोकलेला होता, एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता बघा, आण्याचे हिशेबाने सव्वासहा होतात, सहा दिले तर पाव पैसा बुडाला. तीन आण्याचे पावणेएकोणीस होतात, एकोणीस घेतले तर पाव पैसा गिऱ्हाइकाचा गेला. त्यावरून रोज दुकानात वाद, एक म्हातारी एकेक आण्याची तीन वेगवेगळी खरेदी करायची, म्हणजे अठरा पैशांत काम. तिला अक्षरओळख नव्हती पण हा हिशेब तिने पहिल्याच आठवड्यात ओळखला होता. वडील तिच्याकडे बघून मान डोलवायचे आणि मला म्हणायचे, बघ, हिला म्हणतात गणित.

हर्णैची_वाट | रात्री १०.३०

मास्तर, हे उद्या जसंच्या तसं वाचून दाखवणार. ५८?

पोफळीची_सावली | रात्री १०.४१

५८ कोणी दुसरं घेतलंत तर मी भांडेन. महर्षी धोंडो केशव कर्वे! १८ एप्रिल १८५८ ला शेरवलीला आजोळी जन्म, गाव दापोलीजवळचं मुरुड. आणि १९५८ ला, वयाला शंभर पूर्ण होताना, भारतरत्न. दोन्ही ५८! शिवाय त्याच वर्षी त्यांचं टपाल तिकीट निघालं, हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय.

मला त्यांची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे साताऱ्याची. परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, सोबत्यांबरोबर, कुंभार्ली घाट चढून. पोचले तर परीक्षकांनी सांगितलं वय कमी दिसतंय, बसता येणार नाही. आले तसे परत. मी कुंभार्ली घाट एसटीने शेकडो वेळा चढलेय, प्रत्येक वळणावर मला तो बुटका बारीक मुलगा आठवतो. त्यांनी पुढे विधवांसाठी, बायकांच्या शिक्षणासाठी जे केलं, १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, त्यामुळे माझ्या आजीची धाकटी बहीण शिकली आणि शिक्षिका झाली. आमच्या घरातला पहिला पगार आणणारी बाई ती.

वरंध्याचा | रात्री १०.५०

५९ : १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाखाली अफझलखान. सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला, ६० ला माल आहे.

खाडीपलीकडे | रात्री ११.१५

६० साठी थांबलोच होतो. जरा लांब होईल, चालवून घ्या.

साठ संवत्सरं तर आहेतच, प्रभव पासून क्षय पर्यंत, म्हणून साठीला शांत करतात. १ मे १९६० पण आहे. पण मी साठ घटकांबद्दल सांगतो. जुन्या हिशेबात दिवसरात्र मिळून साठ घटका, एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. आता आमच्याकडे खाडीत जाणारे सगळे म्हातारे भरतीची वेळ तोंडी सांगतात, कुठे पुस्तक नाही काही नाही. कारण भरती रोज साधारण दोन घटका मागे जाते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. चंद्र रोज जवळपास तेवढाच उशिरा उगवतो, आणि पाणी चंद्राच्या मागे. पंधरा तिथ्या गुणिले दोन घटका म्हणजे तीस घटका, म्हणजे बारा तास, की चक्र पुन्हा होतं तिथे.

ह्यावरून सोपं सूत्र आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, चार त्रिक बारा भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पंचांग किंवा कालनिर्णय भिंतीवर असलं की झालं.

आणि आता गणपतीशी जोडून सांगतो. गौरी-गणपती जातात ते बहुतेक अष्टमी-नवमीच्या आसपास. म्हणजे सूत्राने सहा ते पावणेसात, ऐन विसर्जनाच्या वेळेला पाणी भरलेलं. शिवाय अष्टमी-नवमी म्हणजे भांग, पाण्याला जोर नाही, चढउतार थोडा, पोराबाळांना घेऊन गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. तेच अनंत चतुर्दशीला उधाण जवळ आलेलं, भरती साडेदहाला, म्हणजे संध्याकाळी साडेचार-पाचला पाणी कुठच्या कुठे आत गेलेलं असतं आणि मूर्ती घेऊन ओल्या रेतीतून चालत जावं लागतं. चाळीस वर्षं विसर्जनाला जातोय पण हे मला वडिलांनी एकदा काठीने रेतीत लिहून दाखवलं तेव्हा कळलं.

सोलकढी | रात्री ११.२१

बाप रे. मी जन्मभर समुद्राजवळ राहून हे माहीत नव्हतं. आत्ता कालनिर्णय बघायला उठले.

जुना_मास्तर | रात्री ११.३४

साठावरून राहवत नाही. माझी आजी नारळ मोजायची ती विसांनी. दोन्ही हातात मिळून पाच उचलायचे, चार वेळा झालं की एक वीसा, आणि दर विशाला करवंटीचा एक तुकडा बाजूला ठेवायचा. साठ हा शब्द तिच्या तोंडात नव्हता, तीन विसा. चौसष्ट म्हणजे तीन विसा नि चार. आणि भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. मी लहानपणी खळ्यात बसून मोठ्याने ‘एक’ म्हटलं तर सगळे मापणारे थांबले आणि भात परत ओतून पहिल्यापासून मापलं.

मालवणी_माणूस | पंचमी, सकाळी ७.१०

रात्री झोपलंय तेवढ्यात ह्यो एवढो धागो झालो? बरां आसा. ६४ कोणी घेव नका, तो माझो. आगाऊ सांगान ठेवतंय.

वरंध्याचा | सकाळी ८.०२

६१ : तीन शतकांत तीन. फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड, कारतलबखान कोकणात उतरताना महाराजांनी खोपोलीजवळच्या जंगलात अडवला. १४ जानेवारी १७६१, पानिपत. १९ डिसेंबर १९६१, गोवा मोकळा झाला. उंबरखिंडीत उभं राहून बघा, दोन्ही बाजूंनी डोंगर इतका जवळ येतो की मोठी फौज तिथे पसरताच येणार नाही. मी तीन पावसाळे गेलोय. ढोलताशे न लावता जा, फक्त पाण्याचा आवाज ऐका.

पोफळीची_सावली | सकाळी ८.४०

६२, परत कर्वे! ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले, एकशे चार वर्षांचे होऊन. मला दुसरं काही सुचत नाही आणि सुचवायचंही नाही.

कातळावरचा | सकाळी ९.१५

६३ पण आपल्याच जिल्ह्याचं. १९६३ ला पांडुरंग वामन काणे यांना भारतरत्न. जन्म १८८० चा, चिपळूणजवळचं पेढे-परशुराम. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी एकट्याने लिहिले, पहिला १९३० ला आणि शेवटचा १९६२ ला. बत्तीस वर्षं एका कामावर. परशुरामाच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना खाली वाशिष्ठीचं खोरं दिसतं ना, तिथे उभं राहून मी हे माझ्या मुलीला सांगितलं होतं, तिला तेव्हा एका वहीचा गृहपाठ जड जात होता. काही बोलली नाही पण रात्री वही पूर्ण केली.

मालवणी_माणूस | सकाळी ९.३०

इलंय!! ६४.

२५ नोव्हेंबर १६६४. मालवणच्या समोर कुरटे बेटार सिंधुदुर्गाचो पायो घातलो. पायाच्या धोंड्यांत शिसा ओतलेला. १६६७ पर्यंत काम चललां. आता बाकीचां सगळ्यांक कळूचा म्हणान साध्या मराठीत लिहितंय.

तिथे महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे चुन्यात उमटलेला, दोन छोट्या घुमट्यांत. आणि शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी १६९५ ला बांधलं. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी, तटाला लाटा आपटतायत, आणि आत बावीत गोडं पाणी. माझी आत्या किल्ल्यात नांदायला गेली होती, तिथे आजही थोडी घरं आहेत. मे महिन्यात आम्ही पोरं होडीतून जायचो, ती पहिली बावीवर न्यायची, कळशी सोडायची, दोरी ओली होऊन वर आली की आधी ओंजळीत पाणी द्यायची आणि विचारायची, गोड हा मां? दरवर्षी तोच प्रश्न. मग घरात घ्यायची. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की किल्ल्यातली माणसं त्याच पाण्यावर असायची म्हणून तिला त्या बावींचा अभिमान होता, एवढंच.

जुना_मास्तर | सकाळी ९.५२

मालवणकर, ओंजळीतलं पाणी इथपर्यंत पोचलं. ६४ ला माझं एक छोटं. रुपयाचे चौसष्ट पैसे गेले ५७ ला हे वर सांगितलं, आणि १ जून १९६४ पासून ‘नवे पैसे’ मधला ‘नवे’ शब्द काढून टाकला, नुसते पैसे झाले. सात वर्षांत नवं जुनं झालं.

गाडीतला_खिडकीवाला | सकाळी १०.२०

६४ मला पण हवाय! पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल, रत्नागिरीजवळ. ६४ मीटर उंच. कुतुबमिनारपेक्षा उंच आहे. डाव्या खिडकीत बसा, खाली आंब्याची झाडं हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात.

कातळावरचा | सकाळी १०.३१

६४ मीटर बरोबर, पूल बघण्यासारखा आहे यात वादच नाही. पण कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे, म्हणजे पूल नऊ मीटरने कमी. पोरांसाठी आहे म्हणून सांगितलं.

गाडीतला_खिडकीवाला | सकाळी १०.४०

अरे खरंच. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. धन्यवाद दादा, हर्णैताई ती ओळ वाचू नका प्लीज. खिडकीचं मात्र वाचा.

हर्णैची_वाट | दुपारी १.०५

ताई नव्हे, दादाच मी 🙂 ओळ काढली. इकडे एक प्रकार झालाय तो सांगतो. पोरांना सकाळी भरतीचं सूत्र सांगितलं तर थोरली पुतणी, आठवीत आहे, म्हणते काका तुम्ही बघितलंय का? मी म्हटलं, नाही, धाग्यावर एका काकांनी सांगितलंय. ती म्हणाली मग आपण बघूया. उद्या षष्ठी. साडेचार यायला पाहिजेत. जेटीच्या पायऱ्यांवर कोळशाने रेघा मारायचं ठरलंय.

खाडीपलीकडे | दुपारी १.२०

शाब्बास पोरी! जरूर बघा, आणि साडेतीनपासूनच जाऊन बसा.

वरंध्याचा | दुपारी २.१०

६५ : १६६५ चा पुरंदरचा तह, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले.

मालवणी_माणूस | दुपारी २.१८

आणि १७६५ ला इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला नि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. मालवणात कोणाच्या तोंडात ते नाव बसलं नाही.

गाडीतला_खिडकीवाला | दुपारी ३.००

६६ = आपला हायवे! राष्ट्रीय महामार्ग ६६, पनवेल ते कन्याकुमारी. आधी तो १७ होता, २०१० मध्ये देशभरचे नंबर बदलले तेव्हा ६६ झाला. अजून आमच्याकडे ‘सतरा नंबर’ म्हणणारे आहेत. पेण, नागोठणे, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ... ही नावं ओळीने म्हटली की मला गावच्या वासाची सुरुवात होते. कशेडी उतरल्यावर खिडकी उघडायची हे आईचं ठरलेलं.

पोफळीची_सावली | दुपारी ३.२५

त्याच रस्त्यावर महाडजवळ सावित्रीचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या आणि इतर गाड्या गेल्या. आमच्या ओळखीचं एक घर त्यात गेलं. नवा पूल पुढच्या जूनमध्ये सुरू झाला. मी अजूनही त्यावरून जाताना हात जोडते. ६६ च्या गोष्टीत तेही असूदे.

जुना_मास्तर | दुपारी ४.१०

असूदे. आणि ६७ पण तसंच आहे म्हणून लगेच लिहून टाकतो.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. मी सतरा वर्षांचा, चिपळूणच्या बाजूला मामाकडे होतो. आधी आवाज आला, पाण्याच्या लोंढ्यासारखा, आम्हाला वाटलं धरण फुटलं. मग कौलं. एकमेकांवर वाजत वाजत एकेक खाली येत होती. मामीने उठल्या उठल्या चुलीतल्या निखाऱ्यांवर घागर उपडी केली आणि मग आम्हाला बाहेर ओढलं. ते आजही डोळ्यासमोर आहे, इतक्या गडबडीत तिला आधी विस्तव आठवला. अंगणात सगळी वाडी थंडीत उभी, गुरं हंबरतायत, आणि उजाडेपर्यंत कोणी आत गेलं नाही. कोयनानगरला फार नुकसान झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्यात आणि त्यांच्यात फक्त एक सह्याद्री. धरण उभं राहिलं. त्याचंच पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं. भर उन्हाळ्यातही आमच्या नदीला पाणी असतं त्याचं कारण ते.

सोलकढी | संध्याकाळी ५.००

मास्तर 🙏

६८ घेते. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण. सर नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या विजयदुर्गावरून ते बघितलं आणि हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, तिथे दुर्बीण लावली होती. दर १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतो.

कातळावरचा | संध्याकाळी ५.४५

सोलकढीताई, हे मी पण लहानपणापासून ऐकत आलो आणि आजोळचा किल्ला म्हणून छाती फुगवून सांगत आलो. पण गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त छान आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर करत पूर्वेला गेलं हे खरं. पण लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते, जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लष्करी अधिकारी. त्यांना सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात उजळ रेषा दिसल्या. जान्सेननी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही त्या बघून दाखवल्या. लॉकियरनी इंग्लंडात बसून २० ऑक्टोबरला तेच स्वतंत्रपणे केलं. त्यातली एक पिवळी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, तिला लॉकियरनी सूर्यावरून, ग्रीक हेलिओसवरून, हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो वायू सापडला १८९५ ला, रॅम्से यांना. म्हणजे सत्तावीस वर्षं फक्त सूर्यात होता.

मग विजयदुर्गाचं काय? तर लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला! सोबत ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी होते, त्यांना निरीक्षणाची कामं वाटून दिली होती, आणि त्याचा सविस्तर अहवाल छापलेला आहे. म्हणजे साहेब खरा, ओट्यांशी त्याचं नातं जोडणारी आठवणही उगाच नाही, फक्त लोकांच्या तोंडी तीस वर्षं मागे सरकली. ज्याने त्या रेषेला नाव दिलं तो माणूस, तो वायू हातात आल्यावर तीन वर्षांनी, साठी ओलांडलेली असताना आपल्या किल्ल्यावर उभा राहून पुन्हा सूर्याकडे बघत होता. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी लगेच एसटी धरून किल्ल्यावर जावंसं वाटलं.

सोलकढी | संध्याकाळी ६.०५

मी पण येते! आणि हे किल्ल्यावर येणाऱ्यांना असंच सांगायला पाहिजे. ६८ ऐवजी ९८ ला माझं नाव लिहून ठेवा.

हर्णैची_वाट | रात्री ११.५०

आजचं जागरण झालं. लाईट होती तरी पोरांनी बंद करायला लावली, समईच्या उजेडात वाचलं. म्हातारीच्या तीन आण्यांना टाळ्या, ओंजळीतल्या पाण्याला कोणी बोललं नाही. आत्याने डोळे पुसले. हेलियमवर पुतणी म्हणाली, बघा, म्हणून बघायला पाहिजे.

वरंध्याचा | षष्ठी, सकाळी ७.३०

६९ : १६६९ ला महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला. मिळाला नाही. पुढेही मिळाला नाही, संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ ला.

७० पण घेतो, माझ्या घराजवळचं आहे. फेब्रुवारी १६७०, सिंहगड, तानाजी मालुसरे. त्यांचं उमरठ आमच्या पोलादपूर तालुक्यात. समाधी तिथेच आहे. गडावरून देह गावी आणला तो ज्या घाटाने, त्याला मढेघाट म्हणतात असं आमच्याकडे सांगतात. मी तो घाट एकदा उतरलोय, रिकाम्या हाताने, तरी गुडघे बोलायला लागले. खांद्यावर पालखी घेऊन ती माणसं रात्रीची कशी उतरली असतील हा विचार अजून जात नाही.

कातळावरचा | सकाळी ९.००

७१ : आपले लॉकियर परत! १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाला ते भारतात आले होते, केरळातल्या बेकल किल्ल्यावर. तोही समुद्रकाठचा किल्ला. म्हणजे विजयदुर्ग हा त्यांचा आपल्या किनाऱ्यावरचा दुसरा किल्ला.

पोफळीची_सावली | सकाळी ११.१०

७२ : १८ मे १९७२, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. माझ्या दारातला काजू तिथल्या कलमाचा आहे, बाकी काय सांगू.

खाडीपलीकडे | दुपारी ३.१५

हर्णैकर, पोचलात का जेटीवर? इकडे माझा जीव खालीवर.

हर्णैची_वाट | संध्याकाळी ६.४०

पोचलो होतो, आत्ता घरी आलो, सगळे भिजलेत. ऐका.

तीन वाजता गेलो. जेटीच्या पायऱ्यांवर दर दहा मिनिटांनी पाणी टेकेल तिथे कोळशाची रेघ. पाणी हलतं त्यामुळे एक लाट कुठवर आणि दुसरी कुठवर, त्यावर भांडणं, मग पुतणीने ठरवलं पाच लाटा बघायच्या आणि मधली धरायची. पहिल्यांदा एका पायरीला पंधरा-वीस मिनिटं, मग रेघा जवळ जवळ यायला लागल्या. साडेतीनला दोन रेघांत दोन बोटांचं अंतर. पावणेचारला पाणी तिथेच थांबलं. चारला तीच रेघ. सव्वाचारला रेघ उघडी पडली.

म्हणजे साडेचार नाही, पावणेचार ते चार. सूत्र अर्ध्या-पाऊण तासाने चुकलं. पोरं थोडी हिरमुसली, आणि पुतणीने माझ्याकडे बघितलं.

खाडीपलीकडे | संध्याकाळी ६.५५

हिरमुसू नका म्हणावं, उलट पोरीने नेमकं पकडलंय. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. रोज दोन घटका हा सरासरीचा हिशेब. प्रत्यक्षात उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडीच मागे जाते, अर्ध्या-पाऊण तासाने, आणि भांगाच्या दिवसांत तासाच्याही वर सरकते. अमावास्येनंतरचे पहिले दिवस उधाणाचे, त्यामुळे षष्ठीपर्यंत खरी भरती सूत्राच्या आधी येते. पुढचे दोन-तीन दिवस ती झपाझप मागे जाऊन सूत्राला गाठायला बघेल. शिवाय बंदराबंदराला वेळ थोडी वेगळी. म्हणून वडील सूत्र सांगून झाल्यावर नेहमी म्हणायचे, आता बाहेर जाऊन बघ.

तिला सांगा, उद्या सप्तमीला आणि परवा अष्टमीला परत रेघा मारायच्या. किती मिनिटांनी मागे गेली ते मला इथे हवंय.

हर्णैची_वाट | संध्याकाळी ७.०५

वाचून दाखवलं. ती वही घेऊन आली, तीन रकाने आखलेत, तिथी, सूत्राची वेळ, खरी वेळ. उद्या भाऊ विचारत होता गौरी आणायला कोण कोण येणार, तर चौघांनी सांगितलं आम्ही साडेतीनला जेटीवर आहोत, त्यानंतर येऊ.

आरतीला बोलावतायत. ७३ कोण घेतंय?

गाडीतला_खिडकीवाला | संध्याकाळी ७.०९

मी. कुतुबमिनार, ७३ मीटर.